खापरातली भाकर

रविवारी संध्याकाळी परतवाड्यातल्या घरांतही आता पोळी-भाजीला सुट्टी मिळते. पिझ्झा खायला अमरावती गाठायला नको. मुलं हट्ट करतात, आई आधी नाही म्हणते, मग सगळ्यांच्या आधी तीच तयार होते! शेजारच्या टेबलावर कोण बसलंय, त्याची जात कोणती, हे विचारायचं कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच वऱ्हाडात घराबाहेरचा घास इतका सोपा नव्हता. लग्न असो की भंडारा, कोण कुठल्या रांगेत बसणार हे जन्मावर ठरलेलं असे. अस्पृश्य मानलेल्यांच्या वाट्याला पंगत उठल्यानंतरचं अन्न येई आणि तेही दूर बसून खायचं. अशा काळात आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस घर सोडून निघाला आणि पुढची जवळजवळ ५२ वर्षं बाहेरच जेवला. गाडगेबाबांना आपण खराट्यावरून ओळखतो. पण ज्यावरून त्यांना हे नाव मिळालं ते गाडगं, म्हणजे फुटक्या मडक्याचं खापर, हे त्यांचं जेवणाचं ताट होतं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात, परिटाच्या घरी झाला. वडिलांना दारूनं ग्रासलं. १८८४ साली ते गेले तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. मामाची गुरं राखणं, नांगर धरणं, रात्री भजनात रमणं असं त्याचं बालपण गेलं. पुढं सावकारानं मामाची जमीन घशात घातली, तेव्हा हाच डेबू शेतात पाय रोवून उभा राहिला. अक्षरओळख नव्हती, पण कागदावरचा आकडा माणसाला कसा गिळतो हे तो तिथं शिकला. शिक्षणाचा पुढचा सगळा ध्यास तिथूनच आला असावा.

त्यांचं पहिलं बंड मात्र जेवणावरून झालं. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणं दारू आणि मटणाचं जेवण द्यायला हवं होतं. डेबूजींनी गोड जेवण घातलं. आज यात काय विशेष, असं वाटेल. पण जातभाईंच्या पंगतीत रीत मोडणं म्हणजे वाळीत पडण्याची तयारी ठेवणं! बाप ज्या पेल्यात बुडाला तो पेला लेकीच्या पाळण्याशेजारी नको, एवढंच त्यांना कळत होतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी आणि ते खापर. गावात शिरलं की आधी झाडायला घ्यायचं, गटारं मोकळी करायची आणि मगच कुणाच्या दारात भाकर मागायची. कामाआधी घास नाही. गोडाधोडाचा आग्रह झाला तरी चटणी-भाकरीवरच भागवायचं. मागे राहिलेल्या कुंताबाईंचं काय, हा प्रश्न आपल्याकडच्या चरित्रांत नेहमी घाईनं उरकला जातो. मुलं पदरात घेऊन त्या बाईनं संसार ओढला, आणि बाबांच्या नावावर धर्मशाळा उभ्या राहिल्या तरी कुटुंब झोपडीतच राहिलं. १९२३ साली मुलगा गोविंद पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानं गेला. बाबा कोकणात कीर्तनात होते. बातमी आली, कीर्तन पुढं चालू राहिलं. बाबांचं धैर्य थोर खरंच, पण त्या आईची ती रात्र कोणी लिहून ठेवलेली नाही.

पूर्णेकाठच्या ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तिथल्या चिखलात भाविक घसरत, म्हणून बाबांनी १९०८ साली घाट बांधायला घेतला. याच यात्रेत ते आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालत. ज्यांना कुणी पंगतीला बोलावत नव्हतं, त्यांच्यासाठी ही पंगत होती. पुढं नाशिकला सदावर्त निघालं. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा झाली ती १९१७ साली; विठ्ठलाच्या दारी येऊनही ज्यांना निवारा मिळत नसे त्यांच्यासाठी. १९४९ मध्ये ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लाखो रुपये हातून गेले, पण स्वतःसाठी त्यातली पै घेतली नाही.

कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारत, हसवत, मधेच खडसावत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढं कोंबडं-बकरं कापू नका, ही त्यांची नेहमीची शिकवण. आणि जेवणाचं ताट मोडावं लागलं तरी चालेल, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हे सांगणंही ठरलेलं. ऐकणाऱ्याला ते टोचे, कारण सांगणाऱ्याकडे स्वतःचं ताट नव्हतंच. त्यांच्या दशसूत्रीतही पहिलं स्थान भुकेल्याच्या अन्नाला आहे. देवळाला त्यात जागाच नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. बाबांची प्रकृती तेव्हा ढासळलेलीच होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडीतच त्यांनी प्राण सोडला. ना घर, ना दवाखाना. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे. परतवाड्याहून अमरावतीला जाताना आपण वलगावची ही पेढी ओलांडतो. पूल लहान आहे, बस थांबत नाही.