रामन यांचा अंधूक प्रकाश आणि किलोमीटरभर लांब थर्मामीटर

घरी फायबरचं इंटरनेट असेल तर काचेच्या बारीक तारेतून डेटा प्रकाशाच्या रूपात येतो, हे तुम्हाला माहीत असेलच. पण अशीच तार थर्मामीटरचंही काम करते. त्यामागचं विज्ञान आपल्याच देशातल्या सर सी. व्ही. रामन यांनी शोधलंय.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीत झाला. १९०७ मध्ये एम.ए. झाले आणि लगेच कोलकात्यात अर्थखात्याची मोठी नोकरी मिळाली. मन मात्र विज्ञानात. ऑफिसच्या आधी आणि नंतर ते 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेत प्रयोग करायचे. मध्ये रंगून आणि नागपूरला बदली झाली, तरी नाद सुटला नाही. १९१७ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली आणि कमी पगारावर प्राध्यापक झाले.

१९२१ मध्ये इंग्लंडहून बोटीने परतताना त्यांना प्रश्न पडला, समुद्र निळा का दिसतो? उत्तर शोधता शोधता २८ फेब्रुवारी १९२८ उजाडला. के. एस. कृष्णन यांच्या साथीने त्यांनी पाहिलं, की एकाच रंगाचा प्रकाश द्रवातून गेला की त्याचा अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर पडतो. हाच रामन परिणाम. १९३० मध्ये नोबेल मिळालं.

आता तापमानाकडे येऊ. काचेचे रेणू सतत थरथरत असतात. लेझरचा प्रकाश आदळला की काही प्रकाश रेणूंना ऊर्जा देऊन लाल बाजूला सरकतो, तर काही त्यांच्याकडून ऊर्जा घेऊन निळ्या बाजूला. काच जितकी गरम, तितका निळ्या बाजूचा वाटा जास्त. परत आलेल्या या दोन्ही प्रकाशांचं प्रमाण काढलं की तापमान कळतं, आणि परत यायला किती वेळ लागला यावरून जागा कळते. बोगद्यातली आग, तापलेली वीजकेबल किंवा तेलविहिरीतली उष्णता अशीच पकडली जाते.

अडचण कुठे? नुसती काच ओरखड्याने आणि ओलाव्याने कमजोर होते, म्हणून तिच्यावर कोटिंग हवंच. नेहमीचं ॲक्रिलेट कोटिंग साधारण ८५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पॉलिइमाइड ३०० च्या आसपास, तर सोन्याचं कोटिंग त्याहून बरंच पुढे. म्हणजे तापमान सांगतो प्रकाश, पण तार किती उष्णतेत तग धरेल हे ठरवतं कोटिंग.

असे फायबर सेन्सर १९८० च्या दशकात आले. रामन यांना ते पाहायला मिळाले नाहीत. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळुरूत त्यांचं निधन झालं. दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो, तो त्यांच्या याच शोधासाठी.