बंड, बंदूक आणि वासुदेव बळवंत

जुलै आणि ऑगस्ट हे दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्याचे महिने. १९५४ साली २१ जुलैच्या रात्री दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. सामरवरणीपासून खानवेलपर्यंतच्या मराठी वाचकाला हा इतिहास परिचित आहे. त्याच्या ७५ वर्षे आधी, जुलै १८७९ मध्येच, सशस्त्र क्रांतीचे आद्य प्रवर्तक म्हणून ओळखले जाणारे वासुदेव बळवंत फडके इंग्रजांच्या हाती लागले होते. एक लढा यशस्वी झाला, दुसरा मोडला. वासुदेव बळवंतांचे चरित्र वाचताना त्यांच्या शौर्याइतकेच त्यांच्या शस्त्रांकडेही पाहिले, तर या फरकाचे एक मोठे कारण उमगते.

वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण येथे झाला. त्यांचे आजोबा कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. पेशवाई बुडाली, किल्लेदारी गेली आणि नातवाच्या वाट्याला इंग्रजांची कारकुनी आली. काही काळ रेल्वेत काम केल्यानंतर ते पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत रुजू झाले. आई अत्यवस्थ असताना त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही आणि तिची अखेरची भेट हुकली. हे शल्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या व्याख्यानांतून देशाच्या दारिद्र्याची मीमांसा त्यांनी ऐकली होती. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी ते दारिद्र्य गावोगाव फिरून डोळ्यांनी पाहिले. पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने वाढलेल्या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांतही त्यांची गणना होते.

शस्त्रविद्येतील त्यांचे गुरू म्हणजे लहुजी वस्ताद साळवे. पुण्याच्या गंज पेठेतील लहुजींच्या तालमीत कुस्ती, दांडपट्टा, तलवार आणि नेमबाजी यांचे शिक्षण मिळे. जोतीराव फुले यांनीही तेथेच मेहनत केली होती.

त्या काळी नेमबाजी शिकायची म्हणजे केवळ नेम धरायला शिकून भागत नसे. जुनी तोड्याची बंदूक जळत्या दोरीने पेटे. काना रंजकाने भरायचा आणि तोडा विझू द्यायचा नाही. पावसात ती निकामी होई आणि रात्री निखाऱ्यामुळे शत्रूला दिसे. तिची जागा पुढे टोपीच्या बंदुकीने घेतली. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, वर गोळी घालून गजाने ठासायची, मग बुडाशी असलेल्या पोकळ बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. टोपीच्या पोटात पाऱ्यापासून केलेले स्फोटक असे. घोडा तिच्यावर आदळला की ठिणगी थेट दारूत उतरे. वारा-पावसाचे भय त्यामुळे बरेच कमी झाले.

याच टोपीवर पहिली रिव्हॉल्व्हरे चालली. अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्ट यांनी १८३६ मध्ये आपल्या देशात तिचे पेटंट घेतले. १८५७ च्या संग्रामात अनेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट किंवा अॅडम्स बनावटीचे रिव्हॉल्व्हर होते. त्याच्या फिरत्या नळकांड्यात पाच-सहा घरे असत. प्रत्येक घरात समोरून दारू घालायची, दांड्याने गोळी घट्ट दाबायची, तिच्यावर चरबी लिंपायची आणि मागच्या प्रत्येक बोंडीवर टोपी चढवायची. चरबीचे लिंपण काजळी मऊ ठेवण्यासाठी होतेच; शिवाय एका घरातली आग शेजारच्या घरांत शिरून सगळे बार एकदम उडू नयेत, हाही हेतू असे. फुटलेल्या टोपीचा तुकडा यंत्रात अडकला तर नळकांडे फिरेनासे होई.

काळ्या दारूचा खरा जाच बार उडाल्यानंतर सुरू होई. पंचाहत्तर भाग शोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक, असे तिचे सर्वसाधारण प्रमाण. जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग काजळीच्या आणि क्षारांच्या रूपाने मागे उरतो. हे क्षार हवेतील ओल शोषून लोखंड खातात. म्हणून शस्त्र त्याच दिवशी उघडून गरम पाण्याने धुवायचे, कोरडे करून तेल लावायचे आणि बोंडीचे छिद्र मोकळे करायचे. सह्याद्रीच्या पावसाळ्यात एक रात्र आळस केला, तरी सकाळी नळीत गंज दिसे. घरादारावाचून रानोमाळ फिरणाऱ्या बंडखोराला असे शस्त्र जपणे किती जड गेले असेल, याची कल्पना यावरून येते.

फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंतांनी बंडाचा झेंडा उभारला. दौलतराव नाईक यांच्यासारखे शूर रामोशी त्यांच्यासोबत होते. शिरूर तालुक्यातील धामारीवर पहिला छापा पडला. लुटीचा पैसा माणसे आणि हत्यारे जमवण्यासाठी होता. बंडाला पैसा आणि पुरवठा लागतो, हे लष्कराच्या हिशेबात वर्षे घालवलेल्या या माणसाला पुरते ठाऊक होते. त्यांना पकडण्यासाठी सरकारने बक्षीस जाहीर केले, तेव्हा त्यांनी उलट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या शिरासाठी इनाम लावले.

पण पुरवठ्याची वाट आधीच बंद झाली होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली. या कायद्याची दारूगोळ्याची व्याख्या लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. शिसे, गंधक आणि शोरा तिने वगळले. बंदुकीच्या टोप्या मात्र आवर्जून समाविष्ट केल्या. यातला अर्थ सरळ आहे. दारू गावातही कुटता येत होती, गोळी चुलीवर ओतता येत होती. टोपी मात्र कारखान्यातूनच यायची. तोड्याच्या बंदुकीची आग बंडखोराच्या स्वतःच्या हातात होती. टोपीच्या बंदुकीची आग सरकारच्या परवान्यात गेली. समोरच्या गोऱ्या पलटणी तोवर ठासणी सोडून मागून काडतूस भरण्याच्या रायफली वापरू लागल्या होत्या. बंडखोर एक बार भरेपर्यंत त्यांचे अनेक बार होत.

मे महिन्यात पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली येथे छापे पडले. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठले आणि दौलतराव गोळी लागून पडले. उजवा हात गेला. निजामाच्या मुलखात रोहिल्यांची फौज उभारण्याचा वासुदेव बळवंतांचा प्रयत्नही तडीस गेला नाही. अखेर तापाने फणफणलेले असताना कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी येथे ते पकडले गेले. पुण्यातील खटल्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यांच्या बाजूने उभे राहिले. शिक्षा जन्मठेपेची झाली आणि त्यांची रवानगी एडनला झाली. तेथील तुरुंगातूनही ते एकदा निसटले, पण लवकरच पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, त्यांनी एडनमध्येच देह ठेवला. १९८४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आता १९५४ कडे वळू. हवेलीत शिरलेल्या स्वयंसेवकांकडेही हत्यारे बेताचीच होती. फरक होता तो वाटेचा. दमण आणि हवेली यांच्यामध्ये भारताचा मुलूख होता आणि भारत सरकारने तो पोर्तुगीज सैन्याला बंद केला. कुमक नाही, काडतुसे नाहीत, अशा स्थितीत कॅप्टन फिदाल्गो सिल्वासा सोडून खानवेलकडे हटले आणि ११ ऑगस्टला शरण आले. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे-दारूगोळा नेण्याचा पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने नाकारला.

१८७९ मध्ये पुरवठा बंडखोराचा तुटला होता, १९५४ मध्ये तो सत्तेचा तुटला. वासुदेव बळवंतांचे बंड फसले, ते त्यांच्या धैर्यात उणे होते म्हणून नव्हे. त्यांच्या पाठीशी ना देशाचे सरकार होते, ना कायदा, ना मोकळा रस्ता. हे तिन्ही नसताना ते उभे राहिले. पुढच्या पिढ्यांना तिन्ही मिळाले, त्यामागे अशा एकाकी माणसांचे मोठे ऋण आहे. येत्या मुक्तिदिनी हवेलीच्या वीरांना वंदन करताना एडनच्या तुरुंगात विझलेल्या या ज्योतीचेही स्मरण व्हावे.