हेन्री कोण होते? इंडक्टरच्या युनिटमागचा माणूस

चार्जरच्या सर्किट बोर्डवर तांब्याच्या तारेचं वेटोळं असलेला एक छोटा भाग असतो, तो इंडक्टर. (बघायला म्हणून चार्जर उघडू नका, आत मेन्सचा करंट असतो.) त्याची व्हॅल्यू मायक्रोहेन्रीत लिहितात. त्यातले हेन्री म्हणजे अमेरिकेचे जोसेफ हेन्री.

जन्म १७९७, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत. घरची गरिबी, त्यामुळे पोरवयातच घड्याळजीच्या हाताखाली लागले. पुढे ऑल्बनी अकॅडमीत शिकले आणि १८२६ मध्ये तिथेच शिक्षक झाले. दिवसभर शिकवायचं, त्यामुळे मोठे प्रयोग बहुतेक ऑगस्टच्या सुट्टीत.

तेव्हा इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी इलेक्ट्रोमॅग्नेट बनवला होता. त्यांनी लोखंडावर वॉर्निश लावून उघडी तार गुंडाळली. उघड्या तारेचे वेढे एकमेकांना टेकले की शॉर्ट, म्हणून मध्ये जागा सोडावी लागायची. वेढे कमी, ताकदही कमी: जेमतेम ४ किलो उचलायचा. हेन्रींनी उलटं केलं. लोखंड सोडून तारेलाच रेशीम गुंडाळलं! आता वेढे खेटून, एकावर एक थर देऊन घालता येऊ लागले. १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी बनवलेल्या त्यांच्या मॅग्नेटने ९०० किलोहून जास्त वजन उचललं. आज रेशमाऐवजी इनॅमलचा पातळ लेप असतो, युक्ती तीच.

पण माणूस छापायला आळशी, असं माझं मत. चुंबकाने तारेत वीज तयार करण्यावर ते काम करत होते, तेवढ्यात लंडनहून मायकेल फॅरेडे यांच्या शोधाची बातमी आली. हेन्रींनी घाईने लेख लिहिला, तो १८३२ च्या जुलैत छापून आला. तोवर श्रेय गेलं होतं. मात्र त्याच लेखात एक वेगळी नोंद होती: लांब तार बॅटरीपासून तोडली की ठिणगी उडते, आखूड तारेला तसं होत नाही. म्हणजे करंट बदलायला गेलं की कॉईल स्वतःच विरोध करते. हेच सेल्फ-इंडक्शन, आणि यात ते फॅरेडेंच्या पुढे होते. इंडक्टर चालतो तो यावरच. करंट सेकंदाला १ अँपिअरने बदलताना १ व्होल्ट तयार झाला, तर ती कॉईल १ हेन्रीची.

१८४६ मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेचे पहिले सचिव झाले. १८६५ च्या आगीत तिथली त्यांची बरीच कागदपत्रं जळाली. १८७८ मध्ये ते वारले. युनिटला त्यांचं नाव मिळालं १८९३ मध्ये, शिकागोच्या विद्युत परिषदेत.