पितो एक, आजारी पडतं अख्खं घर

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे 'एए', हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. ती सुरू करणारा बिल विल्सनही थोडाफार माहीत असतो. त्याची बायको लोइस मात्र मागेच राहते. खरं तर दारुड्याच्या घरच्यांनाही मदतीची गरज असते, ही गोष्ट जगाला पटवण्यात या बाईचा मोठा वाटा आहे.

लोइस बर्नहॅमचा जन्म ४ मार्च १८९१ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. वडील डॉक्टर, घर खाऊनपिऊन सुखी. उन्हाळ्यात सगळे व्हरमाँटला जायचे. तिथे तिला बिल भेटला, वयाने चार वर्षांनी लहान. जानेवारी १९१८ मध्ये लग्न झालं आणि तो महायुद्धावर गेला. दारूची ओळख त्याला सैन्यातच झाली होती.

पुढची जवळजवळ सतरा वर्षं लोइसचं एकच काम, बिलला सुधारणं. १९२५ मध्ये दोघं साइडकार लावलेल्या हार्ले-डेव्हिडसनवर निघाले. बिलला कारखाने स्वतः पाहून शेअर्सचा अंदाज घ्यायचा होता. लोइसचा हिशोब वेगळाच होता. गुत्ते दूर राहिले की पिणं सुटेल! ते काही सुटलं नाही. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. दोघं तिच्या माहेरच्या घरी आली आणि लोइस डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोकरी करून संसार ओढू लागली.

डिसेंबर १९३४ मध्ये बिल हॉस्पिटलमध्ये दाखल झाला आणि त्यानंतर पुन्हा कधी प्यायला नाही. १९३५ मध्ये डॉ. बॉब स्मिथबरोबर त्याने एए उभी केली.

संपली ना गोष्ट? छे, लोइसची खरी गोष्ट इथून सुरू होते. एकदा मीटिंगला निघताना बिलने तिला घाई केली, तर तिने बूट उचलून त्याच्यावर फेकला. मग तिचं तिलाच नवल वाटलं. दारू तर सुटली, मग हा राग कसला? हळूहळू उमगलं, की जे आपल्याला इतक्या वर्षांत जमलं नाही ते परक्यांनी करून दाखवलं, हेच सलतंय. नवऱ्याला सांभाळणं हेच तिचं आयुष्य झालं होतं आणि आता ते कामच उरलं नव्हतं. आजार तिच्यातही मुरला होता.

नवरे मीटिंगमध्ये असताना बायका बाहेर थांबायच्या, आपसात बोलायच्या. त्यातूनच गट तयार झाले. १९५१ मध्ये लोइस आणि तिच्या एका मैत्रिणीने अशा ८७ ठिकाणी पत्रं पाठवली आणि 'अल-ॲनॉन' ही घरच्यांची संघटना आकाराला आली. १९५७ मध्ये मुलांसाठी 'अलाटीन' आलं.

अल-ॲनॉन म्हणजे स्वमदत गट. तिथे डॉक्टर नसतो. कुटुंबोपचारात समुपदेशक घरच्यांना एकत्र बसवतो. उधारी कोण फेडतं, साहेबाला खोटं कोण सांगतं, घरी परतल्यावर खिसे कोण तपासतं, हे सगळं उघड बोललं जातं. दोन्हींचं मूळ एकच : पेशंट बरा झाला आणि घर तसंच राहिलं, तर तो पुन्हा घसरायला वेळ लागत नाही. आपल्या पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे.

२४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या ५३ व्या वाढदिवशी, बिल गेला. लोइस ५ ऑक्टोबर १९८८ रोजी वारली, ९७ व्या वर्षी. शेवटपर्यंत ती या कामात होती.

मित्रांनो, हॉस्टेल हेही एक घरच. रूममेट पिऊन पडला की आपण प्रॉक्सी मारतो, मेसचे पैसे भरतो, त्याच्या आईचा फोन आला तर तो लायब्ररीत गेलाय म्हणून सांगतो. आपल्याला ती दोस्ती वाटते, पण त्याचं पिणं त्यामुळेच आरामात चालू राहतं. आज फोन आला तर खरं सांगून बघा. तो चिडेल, दोन दिवस बोलणारही नाही. पण त्याच्या घरच्यांना वेळेत कळेल आणि उपचार सुरू होतील.