अक्रोडाच्या झाडाखालचा ससा

आजचं वाचन: नीतिसूत्रे १२:१०, लूक १२:६-७



गेल्या महिन्यात आमचा बिट्टू गेला. १३ वर्षं घरात होता. दुसऱ्या दिवशी स्टँड-अप मीटिंगला मी कॅमेरा बंदच ठेवला. रविवारी उपासनेनंतर प्रार्थनाविनंत्या सांगायची वेळ आली, तेव्हा त्याचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, पण मी गिळून टाकलं. कुणाची केमो चालू आहे, कुणाची नोकरी गेली आहे, त्यात कुत्र्याचं काय सांगायचं? आज चिमण्यांविषयीचं हे वचन वाचताना मात्र विल्यम कूपर आठवले.

कूपर हे अठराव्या शतकातले इंग्रज कवी. त्यांची काही गीतं आजही जगभरच्या मंडळ्या गातात. १७३१ मध्ये एका पाळकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. सहाव्या वर्षी आई गेली. पुढे ते वकिली शिकले, पण १७६३ मध्ये एका सरकारी पदासाठीच्या तोंडी परीक्षेची इतकी धास्ती घेतली की ते जीव द्यायला निघाले. सेंट ऑल्बन्सच्या मनोरुग्णालयात उपचार चालू असताना रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय त्यांच्या वाचनात आला आणि तारणाची खात्री पटली.

१७६७ मध्ये ते ओल्नी गावात राहायला आले. 'अमेझिंग ग्रेस' लिहिणारे जॉन न्यूटन तिथे पाळक होते. दोघांची घट्ट मैत्री जमली आणि मंडळीसाठी गीतं लिहिणं सुरू झालं. पण १७७३ च्या सुरुवातीला आजार उलटला. देवाने आपल्याला कायमचं टाकलंय, ही समजूत मनात घर करून बसली. उपासनेला जाणं सुटलं. न्यूटन यांनी त्यांना उपदेशाचे डोस पाजले नाहीत, तर वर्षभराहून जास्त काळ स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

१७७४ मध्ये कूपर आपल्या घरी परतले. शेजारच्या मुलांकडे सशाचं एक पिल्लू होतं, पण त्यांना ते सांभाळता येईना. कूपर यांनी ते घेतलं. ही बातमी पसरली तशी लोक आणखी पिल्लं देऊ लागले; त्यांनी एकूण तीन ठेवली. हे शेतातले रानससे होते. नावं पुस, टायनी आणि बेस. तिघेही नर, तरी एकाचं नाव बेस! कूपर यांनी प्रत्येकाला झोपायला वेगळं खोकं बनवलं. संध्याकाळी तिघेही बैठकीच्या खोलीत गालिच्यावर उड्या मारायचे. पुस एकदा तीन दिवस आजारी होता. कूपर यांनी त्याची सेवा केली, आणि बरा झाल्यावर त्याने त्यांचा हात, एकेक बोट करत, चाटून काढला. नंतर तो रोज बागेत काकडीच्या वेलाखाली पडून राहायचा. टायनी मात्र शेवटपर्यंत फटकळ. जवळ गेलं की गुरगुरायचा, पंजे मारायचा, चावायचा.

बेस तरुणपणीच गेला. पुढे टायनी गेला, तेव्हा कूपर यांनी त्याला अक्रोडाच्या झाडाखाली पुरलं आणि त्याच्यावर एक कविता लिहिली. त्यात त्याचं चावणं लपवलं नाही आणि त्याच्यावरची मायाही लपवली नाही. १७८४ मध्ये ती एका प्रसिद्ध मासिकात छापून आली. पुस १७८६ मध्ये गेला, जवळजवळ १२ वर्षांचा होऊन.

कूपर यांचं नैराश्य काही कायमचं गेलं नाही. १८०० साली मरेपर्यंत ते परत परत येत राहिलं. देव आपल्याला विसरलाय असंच त्यांना वाटत होतं. पण मला दिसतं ते वेगळंच. ज्याला प्रार्थना करणंही जमत नव्हतं, त्याच्या दारात देवाने रोज सकाळी उठून काहीतरी करायचं कारण पाठवलं. कवडीमोल चिमणीचा ज्याला विसर पडत नाही, त्याला ओल्नीतल्या एका माणसाचा कसा पडेल?

आपले मुके सोबती स्वर्गात भेटतील का, यावर मी वाद घालणार नाही. पण ते देवाने दिले होते, आणि मिळालेल्या दानासाठी आभार मानायला लाज कसली? या आठवड्यात मंडळीत कुणाचं मांजर, कुत्रं गेलं असेल तर दुसरं आणा म्हणून सल्ला देऊ नका. त्याचं नाव विचारा, एखादी आठवण ऐका, मग सोबत प्रार्थना करा. येत्या रविवारी मीही बिट्टूचं नाव घेणार आहे.

प्रार्थना: हे प्रभू, तू दिलेल्या मुक्या सोबत्यांसाठी तुझे आभार. जे त्यांच्यासाठी एकटेच रडतात, त्यांच्याजवळ बसायला आम्हांला शिकव. येशूच्या नावात, आमेन.