लुई ट्युलान आणि त्यांचे बंधू

ज्वारीच्या कणसातून कधी कधी मधासारखा द्रव पाझरतो. शेतकरी त्यास चिकटा म्हणतात. त्या थेंबात बुरशीचे असंख्य अलैंगिक बीजाणू असतात. राय या युरोपीय धान्यावरील अशाच रोगाचे कोडे ज्यांनी उलगडले, त्या लुई ट्युलान यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

लुईंचा जन्म फ्रान्समध्ये १८१५ साली झाला. शिक्षण कायद्याचे, ओढा मात्र वनस्पतींकडे! धाकटे बंधू शार्ल वैद्य होते. सूक्ष्मदर्शकातून दिसणारे ते हुबेहूब रेखाटीत. ट्रफल ही भूमिगत बुरशी मोठी मोलाची. तिच्यावर दोघांचा सचित्र ग्रंथ १८५१ साली निघाला. रायच्या कणसातील मध, पुढे तेथेच धरणारे काळे शिंगासारखे दाणे आणि ते मातीत पडल्यावर उगवणारे इवलेसे देठदार गोळे, या तिघांना विद्वानांनी निरनिराळी नावे दिली होती. ती एकाच बुरशीची रूपे आहेत, हे लुईंनी १८५३ साली दाखवून दिले.

शार्ल १८८४ साली वारले. पुढल्याच वर्षी लुईही गेले.

ट्रफलच्या दोन जातींचे असे अलैंगिक रूप मातीवर ओळखू आले ते २००४ साली. पुढे जपानमधील एका ट्रफलने प्रयोगशाळेतही असे बीजाणू धरले.