मेडोज टेलर : हुकलेला तपास आणि ठगाची जबानी

रहस्यकथेच्या इतिहासाचा आरंभ आपण बहुधा एडगर ॲलन पोच्या १८४१ मधील गुप्तहेरकथेपासून मानतो. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८३९ मध्ये, लंडनमध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा लेखक फिलिप मेडोज टेलर आपल्याच मराठवाड्याच्या वाटा तुडवलेला अधिकारी होता.

टेलरचा जन्म १८०८ सालचा, लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी तो मुंबईतील एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आला. पण त्या पेढीचीच अवस्था बिकट होती. १८२४ मध्ये त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि तो औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, छावणीत रुजू झाला. येथील भाषा त्याने मनापासून आत्मसात केल्या. पुढे सुरापूर संस्थानात लोक त्याला महादेवबाबा म्हणू लागले. ‘मेडोज’चे ‘महादेव’ होणे हे परक्या नावाला आपल्या ओळखीच्या शब्दात बसवण्याचे सुरेख उदाहरण आहे. भाषाविज्ञानाच्या घटकात ते जरूर आठवा.

लवकरच त्याच्याकडे पोलिसी कारभार आला. त्याच्या मुलखात गळा आवळून मारलेल्या माणसांची प्रेते सापडत. मारेकऱ्यांचा मात्र मागमूस नसे. टेलरने शोध आरंभला. तो हाती लागण्यापूर्वीच, १८२९ मध्ये, नव्या निजामाच्या इच्छेनुसार इंग्रज अधिकाऱ्यांना मुलकी कारभारातून काढून घेण्यात आले आणि त्याला पलटणीत परतावे लागले. ठगीचा उलगडा करण्याचे श्रेय मग विल्यम स्लीमनच्या वाट्याला गेले. पुढे हैदराबादेत माफीच्या साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या नोंदवण्याचे काम टेलरने केले. जे त्याला शोधून काढायचे होते, ते आता त्याच्यासमोर आपणहून बोलत होते.

कादंबरी उभी राहिली ती या जबान्यांतून. पोच्या वाटेने जाणाऱ्या कथेत खुनी कोण हे शेवटी कळते. येथे अमीर अली प्रारंभीच कैदेत आहे, ७१९ खून त्याने कबूल केले आहेत, आणि ‘साहेब’ फक्त ऐकतो आहे. वाचकाला ओढून नेतो तो त्याचा सोज्ज्वळ, आर्जवी स्वर. प्रवाशांशी सलगी करणारा हा माणूस तंबाखू मागतो आणि त्या साध्या शब्दांसरशी रुमाल गळ्याभोवती पडतो. घरगुती वाक्य हीच खुनाची खूण! आजची गुन्हेगारी कादंबरी गुन्हेगाराच्या मनात शिरते, तिची ही फार जुनी पूर्वज म्हणता येईल.

मात्र सावधपणे वाचा. ठग हा देशभर पसरलेला एकसंध पंथ होता, हे इंग्रजी चित्र आधुनिक अभ्यासकांनी संशयास्पद ठरवले आहे. फाशी टाळण्यासाठी बोलणारा साक्षीदार ऐकणाऱ्याला हवे तेच सांगू शकतो. टेलर गुन्हेगाराला माणूस म्हणून पाहतो, पण चौकट कंपनी सरकारचीच राहते. मला ही कादंबरी याच ताणामुळे महत्त्वाची वाटते.

नळदुर्गातील मुलकी कारकीर्दीनंतर त्याने तुळजापूर परिसरावर बेतलेली ‘तारा’ (१८६३) लिहिली; तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १८७५ मध्ये, दृष्टी अधू झालेली असतानाही, तो पुन्हा हिंदुस्थानात आला. परतीच्या वाटेवर १८७६ मध्ये फ्रान्समधील मांतों येथे त्याचे निधन झाले. त्याचे आत्मचरित्र पुढच्या वर्षी मुलीने प्रसिद्ध केले. कादंबरीने कीर्ती दिली होती, कारभाराला मुलूखही मिळाले होते. तरी १८२९ च्या त्या बदलीची खंत अर्ध्या शतकानंतरही त्या पानांवर तशीच आहे.